दोन किलोंचा आजार

डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता दिवस मोजू नका, दिवस चांगले कसे जातील ते बघा. मापसाहेबांच्या सुनेने हे इतकं मनावर घेतलं की चांगले दिवस मोजायला तिने भिंतीवर तक्ताच लावला.

मापसाहेब हे त्यांचं बाजारातलं नाव. हयातभर ते दुकानादुकानांतले काटे तपासून शिक्के मारत हिंडले. ते कोपऱ्यावर दिसले की अर्ध्या बाजाराचा हात आपोआप सढळ व्हायचा. आता त्यांचं हृदय थकलं होतं आणि अंगात पाणी साठू लागलं होतं. म्हणून तक्त्यात पाणी मोजून, मीठ चिमटीने, एक किलोवर काही उचलायचं नाही आणि उठल्याबरोबर वजन. वजन दोन किलोंनी वाढलं की इस्पितळाला फोन. शेवटचा रकाना होता 'आनंद', एक ते पाच. हा रकाना त्यांचा मुलगा कामावर जाता जाता बुटाची नाडी बांधत भरायचा. नेहमी चार. पाच दिले तर डॉक्टरांना खोटं वाटेल, असं त्याचं मत होतं.

मापसाहेबांचा आनंद होता अठरा पायऱ्या खाली, किराणा दुकानासमोरच्या बाकावर. त्या दुकानदाराचा काटा त्यांनी एकेकाळी जप्त केला होता. त्या भांडणाची पुढे बुद्धिबळात दोस्ती झाली. तीन आठवड्यांपूर्वी ऐन डावात साहेबांना धाप लागली आणि त्यांना वर आणावं लागलं. दुकानदाराने पट तसाच टोपलीखाली झाकून ठेवला. चाल साहेबांची होती, घोड्याची. आपल्याकडे किती चाली उरल्यात हे डॉक्टरही सांगेनात, पण ही एक तरी आपल्या हातून व्हावी एवढंच त्यांचं मागणं होतं. सुनेने बऱ्याच विनवण्यांनंतर रविवारची परवानगी दिली, वजन वाढलं नाही तर.

इथेच साहेबांचा जुना किडा वळवळला. घरातल्या काट्यावर शिक्का नव्हता. बिनशिक्क्याच्या काट्याच्या हाती आपला रविवार द्यायचा? शनिवारी सकाळी, घर जागं व्हायच्या आत, त्यांनी ट्रंकेतून दोन किलोंचं पितळी वजन काढलं. आधी रिकाम्या हाताने उभे राहिले: साठ किलो चारशे. मग वजन शालीखाली पोटाशी धरून उभे राहिले: बासष्ट किलो चारशे. काटा इमानदार निघाला. ते समाधानाने मान डोलावतात तोच सून पेन्सिल घेऊन दारात.

तिने आकडा वाचला आणि तिचा चेहरा उतरला. साहेबांनी वजन शालीत आणखी आत ओढलं. खरं सांगावं, तर एक किलोवर उचलल्याचा गुन्हा कबूल करावा लागणार. दुसऱ्यांचे काटे जप्त करणाऱ्याला आपलं वजन जप्त होण्याची भीती वाटली. ते तसेच शाल सावरत, दोन किलोंसकट खोलीत गेले.

पुढे सगळं नियमाप्रमाणे झालं. इस्पितळातून फोनवर लघवीची जादा गोळी सांगितली गेली. पाणी आणखी कमी झालं. साहेबांच्या दिवसभर न्हाणीघराकडे फेऱ्या सुरू झाल्या, आणि रविवारवर सुनेने फुली मारली. आनंदाच्या रकान्यात मात्र मुलाने सवयीने चार लिहिले.

रविवारी इस्पितळाची परिचारिका आपला काटा घेऊन आली. त्यावर वजन भरलं एकोणसाठ किलो सहाशे.

"एका दिवसात जवळजवळ तीन किलो उतरले," मुलगा घाबरून म्हणाला. "ताई, दाखल करूया का?"

परिचारिकेने साहेबांचा घोटा अंगठ्याने दाबून पाहिला. सूज नव्हती. छाती ऐकली, तीही ठीक. मग तिने 'जगण्याचा दर्जा' असं शीर्षक असलेला फॉर्म काढून प्रश्न विचारायला घेतले. प्रश्न साहेबांना, उत्तरं मुलाची. झोप उत्तम, मन प्रसन्न, भूक चांगली.

"तुम्ही आजारी आहात का?" तिने मुलाला विचारलं.

"नाही."

"मग यांना बोलू द्या. आजोबा, काल दोन किलो आले कुठून आणि आज गेले कुठे?"

साहेब उठले, उशीखालून पितळी वजन काढायला वाकले, आणि सुनेने धावत येऊन ते आधी उचललं.

"बाबा, हे?"

"काटा तपासत होतो गं. मला खाली जायचं होतं. एक चाल राहिलीय."

सून रागवायला गेली, पण राग बाहेर आलाच नाही. परिचारिकेने मात्र कुतूहलाने ते वजन आपल्या काट्यावर ठेवलं. काट्याने दाखवलं एक किलो आठशे.

साहेबांच्या डोळ्यांत कितीतरी दिवसांनी जुनं तेज आलं. "ताई, तुमच्या काट्यावर प्रत्येक पेशंट दोनशे ग्रॅमने बरा होतो," ते म्हणाले. "पूर्वी असतो तर जप्त केला असता."

ती हसली आणि जादा गोळी बंद करायला डॉक्टरांना फोन लावला. पाणीही पूर्ववत झालं. मग फॉर्मच्या तळाशी तिने ठळक लिहिलं: रोज अर्धा तास बाक.

घरात इस्पितळाचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. सोमवारी तक्त्यावर नवा रकाना आला: 'बाक, ३० मिनिटं, न चुकता'. मुलाने जिन्याच्या वळणावर खुर्ची ठेवली. दर चार पायऱ्यांनी थांबत साहेब खाली उतरले. दुकानदाराने टोपली उचलली. साहेब पट निरखत राहिले, घोड्यावर बोट ठेवून. सून शेजारी उभी, मनगटावरच्या घड्याळाकडे बघत.

"बाबा, सात मिनिटं राहिली. नीट आनंद घ्या."

दुकानदाराने हसू मिशीत दाबलं. साहेब चाल करेनात. पाच मिनिटं, दोन, एक.

"बाबा, झाली वेळ."

"त्या घड्याळावर शिक्का आहे का?"

"घड्याळावर कुठला शिक्का?"

"मग त्याचं माप मी धरत नाही," मापसाहेब म्हणाले आणि बाकावर तिच्यासाठी जरा सरकले.

सुनेने घड्याळ काढून पर्समध्ये टाकलं आणि त्यांच्या शेजारी बसली. "घोडा हलवा आता," ती म्हणाली. "मला पण बघायचंय."