महालेकाकांचा इंटरकूलर

महालेकाका कुणाशीही बोलायच्या आधी त्याच्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवतात. माणूस शेजारी उभा असतो, "काय काका, बरंय ना?" म्हणत असतो, पण त्याला उत्तर मिळत नाही. काका डोळे मिटून, मान तिरकी करून थांबतात. मग मालकाकडे असे बघतात, जसं काही त्यानं आजारी लेकराला उन्हातून फिरवून आणलंय. "ताप आहे," म्हणतात. माझ्या गाडीला तर बारा महिने ताप असतो. एकदा मी वैतागून म्हटलं, "काका, इंजिन आहे ते. माठ आहे का गार राहायला?" त्यावर ते म्हणाले, "वर्षा, तुला गाडी दिली कुणी?"

सातपूरला आमची दारं समोरासमोर आहेत. काका इथल्याच एका कारखान्यात फिटर होते. रिटायर झाले आणि सगळा वेळ आमच्या पार्किंगच्या वाट्याला आला. त्यांची गाडी म्हणजे जुनं, चौकोनी डिझेलचं धूड. टर्बोवालं. टर्बो म्हणजे काय हे मला जन्मात कळलं नसतं तरी माझं काही अडलं नसतं, पण काकांच्या समोर राहायचं तर सुटका नाही. टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. कोंबली की ती तापते. "आणि तापली की फुगते," काका सांगतात. "फुगलेली हवा म्हणजे फुलका. दिसायला केवढा, आत काय? वाफ. त्यानं इंजिनाचं पोट भरतं का? गार हवा द्या, मग बघा दम." ही हवा मध्येच गार करायला नव्या गाड्यांत रेडिएटरसारखी एक जाळी असते, तिला इंटरकूलर म्हणतात. काकांच्या जुन्या गाडीत ती नव्हती. ती बसवायची म्हणून त्यांनी आमची सगळ्यांची डोकी उठवली होती.

लोकांना वाटायचं, म्हातारपणाचं खूळ. मला खरं कारण माहीत होतं, कारण समोरच्या दारातून मला त्यांच्या बायकोचं, सुमनकाकूंचं, ऑक्सिजनचं मशीन दिवसभर ऐकू यायचं.

काकूंची फुफ्फुसं कडक होत चालली होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, की हे बरं होणारं दुखणं नाही. धूळ नको, धूर नको, उकाडा तर अजिबात नको, एसीत ठेवा. काकूंनी सगळं ऐकलं आणि एकच मागणं मागितलं. त्यांचं माहेर वणीच्या पुढे, हातगडाच्या अंगाला. तिथं भावाच्या दारात एकदा उतरायचं, स्वतःच्या पायानं. "मग काय करायचं ते करा माझं," मला म्हणाल्या. हे त्या भाजी निवडत बोलल्या, नाकात नळी, आणि मेथीची काडी न् काडी वेगळी.

आता घाट चढायचा तर काकांच्या गाडीत एसी बंद करावा लागायचा. दोन्ही एकदम तिला झेपायचंच नाही. एसी लावला की गाडी निम्म्या चढावर धापा टाकायची. तसंही त्या गाडीची माहेरच्या गावात कीर्ती होतीच. दर वर्षी ती शेवटच्या चढावर बसायची आणि काकूंचा भाऊ रामदास ट्रॅक्टर आणि दोर घेऊन खाली यायचा. पोरं ओरडायची, "दाजी आले, ढकलायला चला."

मी म्हटलं, "अहो, एखादी चांगली एसी टॅक्सी करा ना, कशाला हा उपद्व्याप?" काका काही बोलायच्या आत काकूच म्हणाल्या, "भाड्याच्या गाडीनं दवाखान्यात जातात. माहेरी आपल्या गाडीनं जायचं." काकांचा चेहरा असा काही फुलला, की टॅक्सीचा विषय मी तिथंच सोडला.

अंबडच्या भंगार बाजारातून काका एका अपघातात चेपलेल्या गाडीचा इंटरकूलर घेऊन आले. काकूंच्या जुन्या साडीत गुंडाळून, दोन्ही हातांवर धरून आणला. आधी तो त्यांनी बाथरूममध्ये डिझेलनं धुवायला काढला. त्या वासानं काकूंचा श्वास अडकला, मशीन वाढवावं लागलं, मला धावत जावं लागलं. मी काकांना इतकं बोलले, इतकं बोलले, की विचारू नका. त्यांनी इंटरकूलर उचलून खाली नेला आणि त्यानंतर घरात शिरताना ते अंगावरचे कपडेसुद्धा जिन्यात बदलायला लागले. बनियनवर उभा असलेला तो म्हातारा बघून दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली. काकांनी तिकडे लक्षच दिलं नाही.

जाळी त्यांनी गाडीच्या तोंडावर बसवली, सगळ्यात पुढे, जिथं वारा थेट लागतो. एकटेच चांदवडपर्यंत जाऊन आले. आल्यावर जिन्यातूनच सांगत सुटले, "अगं, घोडा झालाय घोडा." दुसऱ्या दिवशी काकूंना बसवलं, मी ऑक्सिजनचा सिलेंडर धरून शेजारी. शहराबाहेर पडेपर्यंत काकूंच्या कपाळावर घाम. एसीतून हवा येत होती ती कोमट. काकांनी बटणं फिरवली, पंखा वाढवला, आणखी कोमट. मग एकदम त्यांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. एसीचीही एक जाळी असते, तिलाही समोरून गार वारा लागतो, आणि ती नेमकी इंटरकूलरच्या मागे होती. इंजिनाच्या हवेतला ताप काढून त्यांनी तो एसीच्या तोंडावर फेकला होता. चाळीस वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला हे सुचलं नव्हतं, कारण त्यांच्या डोक्यात फक्त घाट होता. काकूंचे ओठ निळसर झाले होते. त्याही अवस्थेत म्हणाल्या, "तुमच्या इंजिनाला गार वाटलं ना? मग झालं."

आम्ही परत आलो. काका त्यानंतर दोन दिवस नीट जेवले नाहीत.

मग त्यांनी गाडीचं बॉनेटच कापलं. जाळी इंजिनाच्या डोक्यावर आडवी ठेवायची आणि वरून वारा घ्यायचा, असा नवा बेत. वारा आत ओढायला वर तोंड हवं होतं. ते केलं काकूंच्या ॲल्युमिनियमच्या मोठ्या पातेल्याचं. काकूंनीच काढून दिलं. "यात भात लावायला मी आता कुठली उरतेय," म्हणाल्या, आणि काका पातेलं घेऊन तसेच दारात उभे राहिले. मीच त्यांना खाली पाठवलं. गाडीच्या कपाळावर अर्धं पातेलं बसलं. सोसायटीत हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. पण एसी गार राहिला.

तोवर मार्च उजाडला होता. डॉक्टर म्हणाले, आता प्रवास नकोच. मीही म्हटलं, "काका, हट्ट सोडा, घरात सांभाळा." काका म्हणाले, "घरात सांभाळली तर राहणार आहे का?"

तर एका सकाळी आम्ही निघालो. डोंगरात त्या दिवसांत राब भाजतात. पालापाचोळा, शेणी पसरून वावराचा तुकडा पेटवतात, पुढं त्यात भाताचं, नागलीचं रोप टाकायचं असतं. सगळा डोंगर धुरानं भरलेला असतो. म्हणून काकांनी काचांच्या फटींना आतून चिकटपट्टी लावली होती. वणी मागं पडलं, चढ सुरू झाला. पातेल्यातून वारा शिट्टी मारत होता. "तिसऱ्या गिअरात चढतेय," काका पुढून सांगत होते. "एसी चालू आहे, सुमन. तिसऱ्यात." एवढंच पुन्हा पुन्हा. काकू डोळे मिटून पडल्या होत्या आणि माझ्या हातातला सिलेंडर बर्फासारखा गार लागत होता. मला खरंच भीती वाटत होती, की ही बाई वरपर्यंत पोचत नाही.

शेवटच्या चढावर काकू म्हणाल्या, "थांबवा."

काकांनी गाडी थांबवली. हँडब्रेक चढावर धरत नाही, म्हणून ब्रेकवर पाय दाबून बसले.

"एसी बंद करा. काच खाली घ्या."

"अगं, बाहेर धूर आहे."

"राबाचा आहे," काकू म्हणाल्या. "आमचा."

काकांनी आरशात मागं बघितलं. मला वाटलं नाही म्हणतील. म्हणावं, असंही वाटलं. मग त्यांनी हात पुढे करून एसी बंद केला आणि म्हणाले, "वर्षा, कर खाली."

मी काकूंच्या अंगावरून वाकून चिकटपट्टी ओढली आणि काच उतरवली. गरम, धुरकट हवा आत आली. काकूंनी श्वास घेतला, अर्धाही गेला नसेल, आणि खोकला सुरू झाला. तो खोकला ऐकवत नव्हता. तरी काचेला हात लावू देईनात. थोड्या वेळानं काकांनीच सांगितलं, "बस आता," आणि मी काच वर केली.

भावाच्या दारात काकू स्वतःच्या पायानं उतरल्या. रामदास दोर खांद्यावर टाकून तयारच होता. गाडीकडे आणि पातेल्याकडे बघत म्हणाला, "दाजी, लय भारी. यंदा दोर लागलाच नाय."

गावाहून आल्यावर काकू आठवडाभर घरी होत्या. मग दवाखान्यात गेल्या आणि परत आल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, हे होणारच होतं. डॉक्टरांना राबाचं कुणी सांगितलं नव्हतं.

परवा रविवारी मी खाली गेले तेव्हा काका गाडी पुसत होते. मला बघून थांबले.

"वर्षा, एक विचारायचं होतं. काच खाली केली नसती, तर आणखी राहिली असती का ती?"

खोटं बोलायचं माझ्या जिवावर आलं. म्हटलं, "राहिली असती चार दिवस, काका. कदाचित."

ते मान हलवत राहिले. फडका पिळला, पुन्हा पिळला. "माझा पाय ब्रेकवर होता," म्हणाले. "मला मागं वळता येईना. आरशात नुसता तुझा सिलेंडर दिसत होता. तिनं नीट बघितलं ना गाव? तिच्या खिडकीतून समोरच दिसतं. तिच्या भावाचं वावर, बांधावरचं झाड, सगळं."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. एसी बंद झाल्यावर काकांच्या कानामागून घामाची धार वाहायला लागली होती. शर्टाची कॉलर भिजली होती. काकू खोकत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्या सगळा वेळ पुढं, काकांकडे बघत होत्या. खिडकीकडे त्यांनी मान वळवलीच नाही.

"नाही बघितलं, काका," मी म्हटलं. "तुमच्याकडे बघत होत्या."

"माझ्याकडे?"

"मागून. तुमच्या डोक्याकडे."

काका चिडलेच. "काय बाई आहे ही," म्हणाले. "एवढं बॉनेट फाडलं, गाडीची शोभा घालवली, तिसऱ्या गिअरमध्ये घाट चढवून तिला तिथवर नेलं, आणि ही माझं टक्कल बघत बसली?"

आणखीही काही म्हणणार होते, पण फडका तोंडावर धरून ते गाडीला टेकून खाली बसले. मी त्यांच्या शेजारी फरशीवर बसले आणि ते शांत होईपर्यंत तिथंच थांबले.