बंद माइकची परीक्षा

दुभाषीबाईंचा ऑनलाइन वर्ग सुरू झाला आणि नेमकी तेव्हाच शिंप्याच्या दुकानाची किल्ली हरवली. शिंपी म्हणजे बाईंचा नवरा. त्याला जन्मापासून ऐकू येत नाही, त्यामुळे या घरातला संसार, भांडणं आणि शोधाशोध सगळं खुणांच्या भाषेत चालतं. तीच भाषा बाई दवाखान्यात डॉक्टर आणि कर्णबधिर पेशंट यांच्यामध्ये उभ्या राहून बोलतात. यंदा दवाखान्याने अट घातली होती, हा वर्ग पास झालात तरच पुढे काम.

स्क्रीनवर सगळे दुभाषी आपापल्या चौकटीत बसले होते. शिकवणाऱ्या मास्तरीणबाई स्वतः कर्णबधिर आणि शिस्तीला कडक. आज परीक्षा होती आणि बाईंची पाळी होऊन गेली होती. एकेक खूण त्यांनी इस्त्री केल्यासारखी दाखवली होती. आता दुसऱ्यांची पाळी, म्हणून त्यांनी माइक बंद केला आणि निर्धास्त झाल्या.

तेवढ्यात समोरच्या दारात नवरा उभा राहिला. किल्ली कुठे गेली, त्याने हातांनी विचारलं. दुकानापुढे गिऱ्हाईक ताटकळत होतं.

"किल्ली ठेवलीत तुम्ही आणि विचारता मला?" बाईंचे हात भराभर चालले. "इथे मास्तरीणबाई मघापासून एकच दळण दळतायत. तोंड तर बघा, लिंबू चोखल्यासारखं."

"मग उठ की."

"उठले तर दवाखाना सुटेल. आधीच धाकधूक आहे मला."

स्क्रीनवर एकाने तोंडाला रुमाल लावला. एकीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मग एकेक करून सगळेच बाईंकडे बोट दाखवू लागले. बाई गोंधळल्या. त्यांनी केस सारखे केले, खुर्ची सरकवली, दिवा लावून पाहिला. बोटं काही खाली येईनात.

"यांना वेडबीड लागलंय का?" त्यांनी नवऱ्याला विचारलं. अर्थात हातांनीच.

नवरा वळसा घालून स्क्रीनपुढे आला. त्याने स्क्रीन पाहिली, मग बायकोकडे पाहिलं.

"माइक बंद केलास. पण बोललीस कशाने?"

 दवाखाना गेला, हे बाईंनी मनाशी धरूनच टाकलं.

मास्तरीणबाईंनी हात वर केला. सगळे थांबले.

"परीक्षेत तुम्ही जे दाखवलंत, ते दोनदा बघूनही मला कळलं नाही," त्या म्हणाल्या. "नवऱ्याशी बोललात ते मात्र एका झटक्यात कळलं. पेशंटशीही असंच बोला. पास."

मग त्यांनीही बोट दाखवलं. "आणि किल्ली तुमच्या मागे खुंटीला आहे. मघापासून सगळे तेच सांगतायत."

नवऱ्याने किल्ली काढली, दारापर्यंत गेला आणि वळला.

"भल्या आहेत की मास्तरीणबाई. मग ते लिंबाचं काय म्हणत होतीस?"

बाईंनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले.