देणाऱ्याची सही

"कागदपत्रांचं माझ्यावर सोडा! सही कुठे करायची, हे मला झोपेतसुद्धा कळतं!"

ही घोषणा सहीसाहेबांनी जेवणाच्या टेबलावर केली. बावीस वर्षं ते कार्यालयात रोज दीडेकशे कागदांवर सह्या करत आले होते, आणि त्यातला एकही कागद त्यांनी वाचलेला नव्हता. याला ते कार्यक्षमता म्हणत.

मुलगी नुकतीच अठरा वर्षांची झाली होती आणि शनिवारी शिकायला परगावी निघणार होती. वकीलबाईंनी बजावलं होतं, "आता ती सज्ञान. उद्या आजारी पडली, तर दवाखाना तुम्हाला तिचा ताप किती हेही सांगणार नाही. तिच्याकडून अधिकारपत्रं करून घ्या."

तेव्हापासून सहीसाहेबांना घास गिळवेना. आपल्या पोरीचा ताप आपल्याला सांगणार नाहीत? जिच्या तापात घाबरून आपण थर्मामीटर स्वतःच्याच तोंडात धरला होता, तिचा?

तीन कागद आले. एक व्यवहारांच्या अधिकाराचा, दुसरा उपचारांच्या निर्णयाचा आणि तिसरा संस्थेकडून हजेरी कळण्याचा. प्रत्येकावर दोन रेघा होत्या. एकीखाली 'अधिकार देणार', दुसरीखाली 'अधिकार घेणार'.

"बाबा, जरा वाचून..."

"वाचायचं काय त्यात? या घरात आजवर देणारा कोण? फी कोणी दिली? सायकल कोणी दिली? मी! आणि घेणारी?"

"मी," मुलगी म्हणाली. तिने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा बापाकडे पाहिलं आणि अत्यंत आज्ञाधारकपणे 'घेणार'च्या वर सही ठोकली.

सहीसाहेबांनी 'देणार'च्या वर सही केली, आणि 'संस्थेचं नाव' या रकान्यात त्यांचा हात सवयीने आपल्याच कार्यालयाचं नाव लिहून मोकळा झाला. नोंदणीच्या खिडकीतल्या कारकुनाने तिन्हींवर धाडधाड शिक्के मारले. तोही त्याच पंथातला!

बुधवारी मुलीच्या फोनवर सहीसाहेबांच्या कार्यालयाचं हजेरीपत्र आलं.

"बाबा, दोन ते साडेतीन तुम्ही कुठे असता?"

"फायलींच्या खोलीत."

"घोरत? तसा शेरा आहे इथे."

सहीसाहेबांनी कागद मागवला, आयुष्यात प्रथमच तो डोळ्यांसमोर धरला आणि मटकन खुर्चीत बसले. पोरीचे अधिकार घ्यायला गेले होते, स्वतःचेच देऊन आले होते!

गुरुवारी मुलीने त्यांना दातांच्या डॉक्टरकडे नेलं. तीन वर्षं ते एक किडकी दाढ चुकवत होते.

"मी शुद्धीवर असेपर्यंत निर्णय माझाच!" सहीसाहेब गरजले. एवढ्यात ट्रेमधला चिमटा त्यांना दिसला आणि ते खुर्चीतच आडवे झाले.

डॉक्टरांनी त्यांची पापणी उघडून पाहिली. "आता नाहीत शुद्धीवर. ताई, काढू?"

"काढा!"

शनिवारी दाराशी बॅगा लागल्या, तेव्हाही सहीसाहेबांच्या गालात बटाटा कोंबल्यासारखी सूज होती. "ते सगळं ठीक आहे गं," ते कसंबसं म्हणाले, "पण तू आजारी पडलीस, तर मला कोण कळवणार?" त्यांचे डोळे भरून आले.

"माझे कागद झालेत, बाबा. तुम्ही सह्या केल्यात ना, त्याच संध्याकाळी आई आणि मी वकीलबाईंकडे जाऊन आलो."

"मग घेणार कोण?"

"आई. तिने वाचून सही केली."

सहीसाहेबांचा न सुजलेला गाल तेवढा उतरला.

"पण आई फोन उचलत नाही. म्हणून दुसरं नाव तुमचं आहे. सही तेवढी करा पटकन, सव्वाचारची बस आहे."

"आणि माझे ते कागद? ते रद्द कर ना!"

"राहू देत. डॉक्टर म्हणाले, अजून एक दाढ आहे."

सहीसाहेबांनी पेनचं टोपण काढलं. मग परत लावलं. चष्मा चढवला, पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली.

"अहो, आत्ता सुचलं का वाचायला?" आई ओरडली.

"थांब! यात तापाचा उल्लेख कुठे आहे ते बघतोय."

तो तिसऱ्या पानावर सापडला. तोवर पावणेपाच झाले होते आणि बस निघून गेली होती. सही मात्र अगदी बरोबर जागी पडली!