चाळीस डब्यांचं सहकार्य

विलायतेच्या विद्यापीठाशी सहकार्य करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे कॉलेजात कुणालाच ठाऊक नव्हतं. करायचं, एवढं मात्र ठरलं होतं. देश स्वतंत्र होऊन सहा वर्षं झाली होती. गोरा साहेब आता हुकूम सोडायला नव्हे, तर आपल्या शेजारी खुर्ची टाकून बसायला येणार, या कल्पनेनंच प्राचार्य अण्णासाहेबांनी आपला कोट दोनदा परटाकडं पाठवला होता.

या सगळ्याचं मूळ म्हणजे अंबादास कुरणे. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत तो पोरांना बेडूक फाडून दाखवायचा. इंग्रजी तो जुन्या बाजारातल्या एका फाटक्या शब्दकोशावरून शिकला होता. त्या शब्दकोशाची शेवटची साठ पानं गायब होती, त्यामुळं त्या अक्षरांचे शब्द त्याला येत नसत. पण बाकीच्या शब्दांनी त्यानं विलायतेला असं काही पत्र लिहिलं की वाचणाऱ्याला वाटावं, कोल्हापुरात रोगांवर संशोधन करणारा एक मोठा विभाग आहे आणि तो केवळ साहेबाच्या वाटेकडं डोळे लावून बसलाय. तो विभाग म्हणजे एक कपाट होतं. त्यात एक सूक्ष्मदर्शक, बरणीतला एक साप आणि अंबादासचा डबा.

पत्राला उत्तर आलं आणि उत्तरामागोमाग डॉक्टर पेल्हम नावाचा साहेबही आला. गरीब देशांत माणसांच्या आतड्यात राहणारे आकडेकृमी हा त्याचा विषय. बेत सरळ होता. त्यांनी यंत्रं आणि औषधं आणायची, आपण विष्ठा आणायची आणि मग दोन्ही बाजूंनी बरोबरीच्या नात्यानं सही करायची. सही झाली तर गडमुडशिंगीच्या पलीकडच्या वाडीवर दवाखाना उघडणार होता आणि त्याचा संशोधन अधिकारी म्हणून अंबादास बसणार होता.

"आणि नाही झाली सही, तर?" अंबादासनं विचारलं होतं.

"पत्र तुम्ही लिहिलंत, कुरणे," अण्णासाहेब म्हणाले होते. "नाही झाली तर दुसरी नोकरीही तुम्हीच शोधा."

आदल्या दिवशी अंबादास वाडीवर जाऊन आला होता. देवळापुढं माणसं जमवून त्यानं तासभर भाषण ठोकलं. हे कृमी अनवाणी पायांतून शरीरात शिरतात, रक्त पितात, माणूस पिवळा पडतो. हे सगळं त्यानं असं रंगवून सांगितलं की दोन म्हातारी माणसं तिथंच पिवळी पडली. मग त्यानं साहेबाची वही उघडली. तिच्यात रकाने होते: क्रमांक, नाव, वय, शिक्षण, पादत्राणे.

"पायात काय घालता?" त्यानं पहिल्या रांगेतल्या अंबूबाईला विचारलं.

"जोडवी," अंबूबाई म्हणाली.

सगळी वाडी हसली. अंबादास हसला नाही. त्यानं 'नाही' असं लिहिलं आणि पुढं एकोणचाळीस वेळा तेच लिहिताना त्याच्या तोंडावर जी तुच्छता होती, ती आपल्याला फार शोभते असं त्याला वाटत असावं. त्याच्या स्वतःच्या चपला मात्र त्या वेळी सायकलच्या पिशवीत होत्या. अस्सल कापशी चपला, करकर वाजणाऱ्या. झिजू नयेत म्हणून तो त्या कॉलेजच्या फाटकाशी पायात घाले आणि संध्याकाळी फाटकाशीच काढून ठेवी.

शेवटी त्यानं विलायतेहून आलेल्या चकचकीत पत्र्याच्या चाळीस डब्या वाटल्या. करंड्याएवढ्या, घट्ट झाकणाच्या. "सकाळी यात सुपारीएवढं भरून ठेवायचं. काय भरायचं ते कळलं ना?"

"कळलं की," अंबूबाई म्हणाली. "न कळायला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सातलाच अंबादासनं डब्या गोळा केल्या. एकही कमी नव्हती. वाडीनं आपलं ऐकलं, या आनंदात तो चावडीपाशी आला तेव्हा कुठं त्याच्या लक्षात आलं की पिशवीला मुंग्या लागल्यात. मुंग्या लागाव्यात असं काही तिच्यात असायला नको होतं. त्यानं एक डबी उघडली.

आत गूळ होता. दुसरीत भाजलेल्या शेंगा, तिसरीत तिळाची चटणी. चौथीत पुन्हा गूळ, वर वेलदोड्याचा एक दाणा. अंबादास चावडीच्या पायरीवर बसला आणि एकामागून एक चाळीस झाकणं उघडत गेला. ज्याच्यासाठी साहेब सात समुद्र ओलांडून आला होता, तो पदार्थ एकाही डबीत नव्हता.

तो तसाच अंबूबाईच्या दारात गेला. "अहो बाई, काय सांगितलं होतं मी?"

"सांगितलं व्हतं की. समद्यांना कळलंय."

"मग हा गूळ कसला?"

"मास्तर, पावण्यानं एवढी चांगली डबी दिली," अंबूबाई शांतपणे म्हणाली, "आनि तिच्यात आमी त्ये घालून दिऊ? आमाला काय लाजच न्हाय व्हय? बरं, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं न्हाय, हे तुमच्या आईनं तुमाला शिकवलं न्हाय? मग जे घरात व्हतं ते घातलं. चटनी जरा तिकट हाय, सायबाला सांगा."

अंबादासच्या आईनं त्याला हे शिकवलं होतं. वाडी अडाणी असती तर त्याला ओरडता आलं असतं. वाडी सभ्य निघाली, तिचं काय करायचं? बरं, अकरा वाजता साहेब सूक्ष्मदर्शकाला डोळा लावणार होता आणि कॉलेजचं कार्यकारी मंडळ आणि अण्णासाहेब त्या डोळ्याकडं बघत उभे राहणार होते.

आठच्या सुमारास तो शिवाजी पेठेतल्या आपल्या घरी पोचला आणि डब्या त्यानं बायकोपुढं ओतल्या. प्रमोदिनीनं गूळ गुळाच्या डब्यात भरला, शेंगा शेंगांच्या आणि चटणी चाखून बघितली. "बरी हाय. लसूण कमी."

"प्रमोदिनी, माझी अब्रू जायची वेळ आली, आणि तू लसूण बघतीस?"

"मग करायचं काय म्हनतासा?"

काय करायचं ते अंबादासला सायकलवरच सुचलं होतं. सुचलं तेव्हा त्याला स्वतःची किळस आली होती. पण शिवाजी पुतळ्यापर्यंत येता येता ती निम्म्यावर आली, आणि घराची पायरी चढताना तर त्याला हे विज्ञानाकरता केलेलं बलिदान वाटू लागलं. काल संध्याकाळी त्यानं तालमीतल्या दोस्तांबरोबर दोन ताटल्या मिसळ हाणली होती. माल मुबलक होता. तरी त्यानं चाचरत विचारलं, "एकट्यानं चाळीस... तू जर थोडा हातभार..."

"अवो, लाज वाटती का काय?" प्रमोदिनीनं डब्यांचं टोपलं त्याच्या हातात दिलं आणि मागच्या दाराकडं बोट केलं. "सौंशोधन तुमचं, तुमीच करा जावा."

पुढच्या अर्ध्या तासाचं वर्णन करण्यात अर्थ नाही. एवढंच सांगायचं की जगातल्या कुठल्याही विद्यापीठानं त्या अर्ध्या तासाबद्दल अंबादासला पदवी द्यायला हरकत नव्हती.

अकरा वाजता साहेबानं पहिला नमुना काचेवर घेतला, डोळा लावला आणि म्हणाला, "कृमीची अंडी. भरपूर." मंडळानं माना डोलावल्या. दुसरा नमुना. "भरपूर." तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत तेच. "भरपूर." अंबादासनं साहेबाच्या खांद्यावरून बघितलं. आतापर्यंत त्याला एवढीच भीती होती की नमुन्यांत काहीच सापडणार नाही. सापडेल, आणि ते आपल्यातलं असेल, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

"दहाच्या दहा!" अण्णासाहेब आनंदानं म्हणाले. मॅट्रिकचा निकाल वाचावा तसा त्यांचा चेहरा फुलला होता. "शंभर टक्के! साहेब, असं रोगी गाव तुम्हाला उभ्या मुलखात मिळायचं नाही!"

मंडळातल्या एका वकिलानं टाळी वाजवली. आपल्या शेजारची वाडी मरायला टेकलीय म्हणून टाळी वाजवणारा माणूस अंबादासनं तेव्हा पहिल्यांदा बघितला. त्याला रागही आला. पण राग काढायला लागणारं तोंड त्या वेळी त्याच्याजवळ नव्हतं.

साहेबानं विसावा नमुना बघितला, तिसावा बघितला. मग त्यानं सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढला. एका डबीच्या कडेनं एक मुंगी चढत होती. साहेबानं मुंगीकडं बघितलं, वहीतल्या नावांकडं बघितलं आणि शेवटी अंबादासच्या पायांकडं. सकाळच्या धांदलीत चपला पिशवीतच राहिल्या होत्या आणि अंबादासचे दोन्ही पाय वाडीच्या चिखलासकट फरशीवर उभे होते.

"सही उद्या," साहेब मंडळाला म्हणाला. "मला जरा मिस्टर कुरण्यांशी बोलायचंय."

मंडळी बाहेर गेली. साहेबानं दार लोटलं.

"मिस्टर कुरणे, या वाडीत चार वर्षांच्या पोरापासून ऐंशी वर्षांच्या आजीपर्यंत चाळीस माणसं आहेत. चाळीसही जणांनी काल मटकी खाल्ली?"

अंबादासनं उत्तरासाठी शब्दकोश आठवून बघितला. उत्तर बहुधा त्या गायब साठ पानांत होतं. मग त्यानं सगळं सांगून टाकलं: डब्या, गूळ, वेलदोडा, मागचं दार. सांगताना त्याचा आवाज चढला. "आणि खरं सांगू का साहेब, चूक तुमचीही आहे! तुम्ही विलायतेहून डबी आणली. हिच्यातून माणूस काय देईल आणि काय देणार नाही, हे कुणाला विचारलंत? आणि मी विचारलं नाही, कारण मी शहाणा!"

साहेबानं वही मिटली. मग म्हणाला, "दोन वर्षांपूर्वी एका देशात तिथल्या प्राध्यापकानं मला साठ नमुने दिले. साठही एका बकरीचे होते. तुम्ही निदान माणसाचे दिलेत." त्यानं पेटीतून औषधाची एक पुडी काढून अंबादासच्या हातात ठेवली. "हे चाळीस रोग्यांचं औषध. एका माणसाला पुरेल एवढंच आहे."

दुपारी अंबादास घासूनपुसून उकळलेल्या डब्या घेऊन वाडीवर गेला. या खेपेला त्यानं भाषण केलं नाही. देवळापुढं उभा राहिला, काय झालं ते सांगितलं, पुडी तोंडात टाकली आणि वर तांब्याभर पाणी प्याला.

मग अंबूबाई म्हणाली, "म्हंजे किडं तुमच्यात, आनि डब्या आमच्याकडं?"

"व्हय," अंबादास म्हणाला. कॉलेजात तो 'होय' म्हणत असे.

"मग कालच सांगायचं न्हाय व्हय तसं! आमाला वाटलं, शिकलेला मानूस आमाला घान समजून आलाय. म्हनून गूळ दिला. आपल्यातल्याच मानसाचं दुखनं असंल तर लाज कसली? आना हिकडं त्या डब्या."

दुसऱ्या दिवशी चाळीसही डब्या परत आल्या. साहेबाला हवं होतं तेच आत होतं, आणि प्रत्येक डबीबरोबर, वेगळ्या कागदात गुंडाळून, गुळाचा एक खडाही होता, कारण त्या दुसऱ्या पदार्थाला वाडी काही भांडं भरून देणं मानायला तयार नव्हती. चाळिसांत सव्वीस जणांना कृमी निघाले. अण्णासाहेबांचा चेहरा पडला. शंभरावरून पासष्टवर आलेला निकाल त्यांना नापासासारखाच वाटला. पण साहेबानं सही केली, खडा तोंडात टाकला, आणि नवी वही अंबादासपुढं सरकवली.

"पहिला रोगी तुम्ही. लिहा."

वाडीवरून आलेली अंबूबाई दारातून बघत होती, त्यामुळं खोटं लिहायची सोय नव्हती. अंबादासनं टाक बुडवला आणि वळणदार अक्षरात लिहिलं: क्रमांक एक. अंबादास कुरणे. वय चौतीस. शिक्षण: आहे. पादत्राणे: आहेत, पिशवीत.