कोपऱ्यातली अक्षरं

प्रीतम भोईरच्या जीन्सच्या कारखान्यातला कॉम्प्युटर रोज सकाळी धमकी द्यायचा. उल्हासनगर कॅम्प नंबर तीनमधल्या त्या माळ्यावर शिलाई मशीनचा खडखडाट एवढा, की तो बोलला असता तरी ऐकू आलं नसतं. म्हणून तो इंग्रजीत लिहून द्यायचा: तुमची सिस्टिम असुरक्षित आहे, ताबडतोब सक्रिय करा. प्रीतम ती चौकट बंद करायचा, ती परत यायची. शेवटी ती अक्षरं करडी, अर्धपारदर्शक होऊन कोपऱ्यात कायमची राहायला आली.

"पप्पा, सिस्टिम चोरीची आहे. लायसन्स घ्या," मुलगी जिज्ञासा म्हणायची. खिशांवरची डिझाइन्स तीच काढायची.

"चोरीची कशी गो? ज्यानं कॉम्प्युटरात टाकून दिली, त्यानं पैसे सोड, चहा पन पिला नाय."

माल घेणाऱ्या जयदेवशेठला सॅम्पल दाखवायच्या दिवशी जिज्ञासा मैत्रिणीच्या हळदीला बदलापूरला गेली होती. सॅम्पल नापास झालं, तर दिवाळीपर्यंतचं सगळं काम शेजारच्या गाळ्यात जाणार होतं. गुलाबाचं डिझाइन तयार होतं, पण ती फाइल भरतकामाच्या मशीनला कशी द्यायची, हे प्रीतमला ठाऊक नव्हतं. त्याने सरळ अख्ख्या स्क्रीनचा फोटो काढून मशीनवरच्या कान्हाला दिला.

कान्हा वांगणीकडचा. नमुन्यात दिसेल ते भरायचं, विचारायचं नाही, हा कॅम्पातला नियम तो पाळायचा. एकदा नमुन्यावर चहाचा डाग होता. त्याने तोही भरला आणि माल पास झाला.

जिज्ञासा परतली, तेव्हा पॅन्ट टेबलावर होती. खिशावर गुलाब आणि गुलाबाखाली अख्खी धमकी. ती रागावणार होती, पण वाकून बघता बघता राहूनच गेलं. अर्धपारदर्शक अक्षर दोऱ्यात येणार कसं? कान्हाने टाके विरळ ठेवले होते, त्यांच्या फटींतून डेनिमचा निळा रंग दिसत होता.

"खालचं दिसतंय रे," ती हळूच म्हणाली.

"स्क्रीनवर पन दिसत व्हतं ना."

"उसव आधी," प्रीतम म्हणाला. तेवढ्यात शेठ जिना चढून आलाच. त्याने खिशावरून अंगठा फिरवला. एकेक मशीन थांबलं.

"ये क्या लिखा है?"

प्रीतमने कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "कॉम्प्युटरने लिखा, शेठ."

"खुद से?"

"रोज लिवतो," कान्हा म्हणाला.

शेठने गाभाऱ्यात बघावं तसं कॉम्प्युटरकडे बघितलं. "गुलाब तो पूरा कॅम्प बनाता है. गुलाब निकालो, ये रखो."

माल हातोहात खपला. जिज्ञासाने हट्ट धरला आणि पहिल्या कमाईतून लायसन्स आलं. कोपरा रिकामा झाला.

महिन्याभराने शेठ पेढे घेऊन आला आणि कॉम्प्युटरसमोर खुर्ची ओढून बसला. "अब नये सीझन का क्या बोलता है, देखते हैं."

सगळे मागे उभे राहिले. स्क्रीन निळा, निर्मळ.

"आज चूप है?"

"मूड लागतो त्याला, शेठ. पेढा खावा." प्रीतमने जिज्ञासाला जिन्यात ओढलं आणि आवाज खाली घेतला. "हे परत चोरीचं करता येतं का गो?"