पाणवठ्याची यादी आणि नवा प्रोसेसर

एका जंगलात एक कॉम्प्युटर होता. हसू नका, बाळांनो. तुमच्या ग्रामपंचायतीत असतो, तर जंगलात का नसावा? वीज कुठून यायची, असंही विचारू नका. तुमच्याकडची वीज ऐन जेवणाच्या वेळी कुठे जाते, ते तुम्हाला तरी ठाऊक आहे का?

तर हा कॉम्प्युटर पाणवठ्याच्या कचेरीत होता. त्याला काम एकच. संध्याकाळी कोणी कधी पाणी प्यायचं, त्याची यादी काढायची. आधी चितळं, मग डुकरं, मग गवे, आणि सगळे घरी पोचले की शेवटी वाघ. तळ्यात पाणी किती, आजारी कोण, गाभण कोण, कोणाचं कोणाशी वाकडं, हे सगळं बघून यादी निघायची. यादी सुरू झाल्यापासून पाणवठ्यावर कोणी कोणाला खाल्लं नव्हतं. इतर ठिकाणी काय चालायचं, तो ज्याचा त्याचा घरगुती प्रश्न.

कॉम्प्युटर चालवायची साळूबाई. साळिंदर होती ती. अंगभर काटे, आणि जिभेवर त्याहून जास्त.

मशीन म्हातारं झालं होतं. सकाळी काम टाकलं की दुपार कलेपर्यंत घरघर करत बसायचं. एकदा तर यादी निघाली तेव्हा सूर्य टेकडीला टेकला होता. चितळवहिनी आपलं अख्खं खटलं घेऊन कोरड्या घशाने उभी होती. पलीकडच्या झुडपात वाघही उभा होता. त्याला तहान नव्हती. भूक होती.

"साळूबाई, एक दिवस ही यादी निघायचीच नाही बघ," चितळवहिनी म्हणाली. "त्या दिवशी आमच्यातलं कोण घरी परतणार नाही, तेवढं आधी सांगून ठेव."

साळूबाई एरवी उलट बोलली असती. या वेळी तिने दुसऱ्याच दिवशी पाणवठा समितीची सभा लावली.

समितीचे अध्यक्ष होते गवा अण्णा. मन मोठं, अंग त्याहून मोठं. मोठं ते चांगलं, एवढंच त्यांना जन्मात कळलं होतं.

साळूबाई म्हणाली, "कॉम्प्युटर नवा नको. आतला प्रोसेसर तेवढा बदलू. पण तो ज्यावर बसतो तो बोर्ड जुना आहे. त्यावर कोणकोणते प्रोसेसर चालतात ते बोर्डाच्या पुस्तकात दिलंय. चार नावं आहेत. त्यातलाच आणायचा."

"चारच?" अण्णांनी नाकपुड्या फेंदारल्या. "आपल्या जंगलाची काही इज्जत आहे की नाही? बाजारातला सगळ्यात दांडगा आणू."

"अण्णा, उखळ बघून मुसळ आणावं."

"तुम्ही फार बारीक बघता, साळूबाई."

"बारीक बघते म्हणून पिना दिसतात. तुम्हाला बोर्ड तरी दिसतो का?"

अण्णांनी ऐकलं नाही. स्वतः नदीपलीकडच्या बाजारात गेले आणि सगळ्यात दांडगा प्रोसेसर घेऊन आले. तो बसेना. त्याची ठेवणच वेगळी, बोर्डावरच्या पिनांची वेगळी.

"नवा आहे, लाजतोय," अण्णा म्हणाले. "जरा दाबा." आणि कोणी नको म्हणायच्या आत त्यांनी वरून खूर ठेवला.

कर्र आवाज झाला. दोन पिना आडव्या झाल्या. समितीचे चिटणीस ससेराव यांनी वहीत लिहिलं, 'नवीन प्रोसेसर उत्साहात बसवण्यात आला.'

साळूबाईने अण्णांच्या खुराला ढुशी दिली. मग पाठीतला एक काटा उपटला आणि श्वास रोखून दोन्ही पिना सरळ केल्या. जुना प्रोसेसर परत बसवला. मशीन घरघरलं. यादी निघाली, पण पुन्हा सूर्य टेकडीला टेकल्यावर.

"आता मी जाते बाजारात," ती म्हणाली. "चौथ्या नावाचा घेऊन येते, चारांत तोच वेगवान. पण त्या नावापुढे बारीक अक्षरात लिहिलंय, नीट ऐका. बोर्ड या प्रोसेसरला ओळखत नाही. बोर्डाच्या आत एक प्रोग्राम असतो, बायोस म्हणतात त्याला. तो आधी नवा करून घ्यायचा, आणि तोही जुना प्रोसेसर जागेवर असताना. म्हाताऱ्याने नव्याची ओळख करून द्यायची, मगच म्हाताऱ्याने उठायचं. मी दुपारी येते. तोवर मशीनला हात लावाल तर याद राखा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बाळांनो, समितीने मान डोलावली म्हणजे ऐकलं, असं कधी समजू नका.

यात साळूबाईचीही एक चूक झाली. नवा आला की यादी झटक्यात निघेल, म्हणून त्या सकाळी तिने जुन्यावर काम टाकलंच नाही.

दुपारी ती नवा प्रोसेसर आणि बायोसचा पेनड्राइव्ह घेऊन परतली. कचेरीबाहेर मांडव होता. पानाफुलांची कमान होती. आत मशीन उघडं पडलं होतं आणि प्रोसेसरची जागा रिकामी होती.

"जुना कुठाय?"

ससेराव कान पाडून म्हणाले, "त्यांचा निरोप समारंभ झाला. फार सुंदर झाला. अण्णांना बोलताना हुंदका आला."

"अहो, पण नवा यायच्या आधी निरोप?"

"प्रमुख पाहुण्यांना आजचाच दिवस मोकळा होता," अण्णा म्हणाले.

"कोण पाहुणे?"

"वाघोबा. पाहुण्यांना काहीतरी द्यायला हवं ना? शाल त्यांना गरम होते. नारळ ते खात नाहीत. म्हणून जुना प्रोसेसर वेलीत ओवून त्यांच्या गळ्यात घातला. फार शोभला!"

साळूबाईने तरी नवा बसवून बघितला. अगदी अचूक बसला. पंखा फिरला. पडदा मात्र काळा तो काळाच. बोर्डाला पाहुणा ओळखीचाच नव्हता.

उन्हं उतरू लागली. चितळवहिनी आपलं खटलं घेऊन आली आणि यादीच्या कोऱ्या फळ्यापुढे उभी राहिली. "यादी?" तिने विचारलं. अण्णा आभाळाकडे बघू लागले. चितळवहिनीने पाठीमागच्या घोळक्याकडे वळून पाहिलं, आणि एकेकाचं तोंड बघत राहिली. जणू मोजत होती.

साळूबाई उठली आणि वाघाच्या गुहेकडे निघाली.

वाघ दारातच बसला होता. गळ्यात प्रोसेसर लखलखत होता.

"वाघोबा, ते परत द्या."

"दिलेलं मानचिन्ह परत मागतात होय? काय ही रीत! आणि यादी नाही निघाली तर माझं काय अडलंय? उलट आज मी सगळ्यांबरोबरच पाणी पिईन म्हणतो. सहकुटुंब. सगळे भेटतील."

"भेटतील खरे," साळूबाई म्हणाली. "तुमचे आजोबा लंगडायचे का हो?"

वाघाने पुढचा एक पंजा पोटाखाली ओढून घेतला.

"पुढचा डावा पंजा. बरोबर ना? माझ्या आजीचा काटा होता तो. तीही अशीच काहीतरी मागायला आली होती. तिने तीनदा मागितलं. माझ्याकडे तेवढा वेळ नाही."

एवढं बोलून तिने वाघाकडे पाठ फिरवली. साळिंदराने पाठ फिरवली की ते निघालं असं समजायचं नसतं, बाळांनो. सगळे काटे खाडकन उभे राहिले. ती एक पाऊल मागे आली. वाघ एक पाऊल मागे गेला. ती अजून एक आली. मागे गुहेची भिंत लागली.

"घ्या हो," वाघ म्हणाला. "मला कुठे हौस होती? मानेला खाजतच होतं."

साळूबाई धावत परतली. जुना प्रोसेसर बसवला, पेनड्राइव्ह लावला. बायोस नवा होऊ लागला. पडद्यावर एक पट्टी मुंगीच्या चालीने सरकत होती.

"अडकलं वाटतं," अण्णा म्हणाले. "एकदा बंद करून चालू करू का?"

"बटणाला हात लावलात तर तुमचाच निरोप समारंभ करीन."

पट्टी भरली. म्हातारा उतरला, नवा चढला. पडदा उजळला. साळूबाईने काम टाकलं आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत यादी बाहेर! चितळं आधी, वाघ शेवटी. सगळं खटलं पोटभर पाणी प्यालं आणि दिवसाउजेडी घरी गेलं. एकही कमी नाही. चितळवहिनीने जाताना साळूबाईला मिठी मारायचा बेत केला, काटे बघून लांबूनच हात जोडले.

गोष्ट इथे संपायला हवी होती. नाही संपली.

यादी क्षणात निघते, ही बातमी रानभर झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच कचेरीपुढे रांग लागली. डुकरांना अर्धा तास आधी हवं होतं, कारण चिखल तेव्हा मऊ असतो. अण्णांना पाहुण्यांसाठी मधली जागा हवी होती. ससेराव म्हणाले, "माझं नाव नुसतं वर घ्या, पाणी मी नंतर पिईन." दुपारपर्यंत यादी अकरा वेळा बदलली. पूर्वी साळूबाई म्हणायची, "दळण टाकलंय, आता मधे काही होत नाही," आणि सगळे निमूट परतायचे. आता तसं म्हणायची सोय उरली नव्हती.

शेवटी रांगेत वाघ आला. हातात अर्ज, तोंडात साखर.

"साळूताई, आमचा नंबर जरासा अलीकडे घ्या. चितळांना लागून. लागतो किती वेळ? एक क्षण! आणि अर्ज रीतसर आहे. अध्यक्षांची सहीपण आहे."

साळूबाईने अण्णांकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "काल तुम्ही त्यांना फार लागेल असं बोललात. म्हटलं, तेवढंच समाधान."

रांगेच्या टोकाला चितळवहिनी उभी होती. ती काही मागायला आली नव्हती. नुसती बघत होती.

साळूबाईने मशीनच्या पाठीवर एक थाप मारली. कान लावून ऐकलं. मग पडदा भिंतीकडे फिरवला आणि लांब तोंड करून म्हणाली, "हँग झालं."

"असं कसं? नवं आहे ना?" वाघ म्हणाला.

"नवं आहे म्हणूनच. बसा. चार तास लागतील."

वाघ तासभर बसला, जांभई दिली आणि गेला. त्या दिवसापासून पाणवठ्याची यादी पहाटे क्षणात तयार होते आणि फळ्यावर लागते दुपार कलल्यावर. मधल्या वेळात साळूबाई पडद्याआड मजेत शेंगा खाते. परवाच समितीने ठराव केला की मशीन फार हळू आहे, याहून जोरदार प्रोसेसर आणावा. ठरावाला पहिलं अनुमोदन साळूबाईनेच दिलं.

यातून घ्यायचं ते घ्या: काम झटकन होत असेल तर झटकन करावं, पण झालं म्हणून लगेच सांगत सुटू नये. आणि खिडकीमागच्या बाईने 'मशीन हँग आहे' म्हटलं, तर तिच्यावर ओरडण्याआधी आपण काय मागायला आलो आहोत, ते एकदा आठवून बघावं.