एका तासाचा भूतकाळ

मावशी बैठकीच्या खोलीत येरझारा घालत कादंबरी बोलत होती. लिहीत नव्हती, बोलत होती. तिने बोलायचं आणि हातातल्या फोनने टिपून घ्यायचं, अशी दोघांनी कामाची वाटणी करून घेतली होती.

"तिघंही शंभर वर्षं मागे जाऊन पडली पूर्णविराम. खिशात फोन होते स्वल्पविराम पण रेंज नव्हती पूर्णविराम. अगं, चपला बाहेर काढ पूर्णविराम!"

शेवटचं वाक्य दारातून शिरलेल्या भाचीसाठी होतं. तेही कादंबरीत गेलं. भाचीच्या मागून तिचा मित्र आला. कुठल्याही घरात पाऊल टाकताच तो आधी प्लग शोधायचा, म्हणून सगळे त्याला चार्जर म्हणत.

मावशीने सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. एकेकाळी अख्ख्या गावाचे नंबर तिला तोंडपाठ होते. हल्लीच्या पोरांना स्वतःच्या आईचा नंबर सांगता येत नाही, हे पाहून तिचा जीव तुटायचा आणि त्या तळमळीतूनच ही कादंबरी जन्मली होती. दोन प्रकाशकांनी ती साभार परत केली. तिसऱ्या ठिकाणच्या संपादिकाबाई मात्र आज सकाळीच म्हणाल्या होत्या, "बाकी झकास आहे, पण शेवटचं प्रकरण पोकळ वाटतं. फोन गेल्यावर पोरं खरंच काय करतात, ते तुम्ही पाहिलेलं दिसत नाही. आज पाचपर्यंत नवं प्रकरण आणा, नाहीतर तुमच्या जागी पाठदुखीवरचं पुस्तक छापायला जाईल."

पाठदुखीपुढे हार मानायची नाही, असा मावशीने चंगच बांधला होता.

"फोन इकडे द्या," ती म्हणाली. "एक तास तुम्ही भूतकाळात. तुम्ही काय करता ते मी बघणार आणि लिहिणार."

परीक्षेच्या दिवसांत भाची मावशीकडे अभ्यासाला यायची, तेव्हा तिच्या आईने इथे एक डबा आणून ठेवला होता. त्यात फोन टाकायचा, चकती फिरवून वेळ लावायची, की वेळ संपेपर्यंत ब्रह्मदेव आला तरी झाकण उघडत नसे. दोघांनी रडतखडत फोन टाकले.

"मावशी, तुझाही टाक," भाची म्हणाली. "भूतकाळात सगळे सारखे."

न्यायाची गोष्ट होती. मावशीने फोन टाकला, ऐटीत चकती एकवर आणली आणि बटण दाबलं. डब्याने समाधानाने 'टक' केलं.

चार्जरने वाकून पाहिलं. "मावशी, हा एक तास नाहीये. एक दिवस आहे. तासांची खूण या बाजूला होती."

मावशी मटकन खुर्चीत बसली. "अरे, कादंबरी आत आहे!"

"कॉम्प्युटरवर उघडू की," भाचीने धीर दिला. कॉम्प्युटर सुरू केला. काही उघडू देण्याआधीच त्याने मोठ्या अदबीने कळवलं, की खात्रीसाठी तुमच्या फोनवर एक कोड पाठवला आहे. डब्यात 'टिंग' वाजलं.

चार्जर स्वयंपाकघरातून बत्ता घेऊन आला. मावशीने डबा पोटाशी धरला. "खबरदार! माझी दोन वर्षं आहेत यात!"

"मग त्या बाईंना फोन करून उद्यापर्यंत वेळ माग," भाची म्हणाली. आरडाओरडा ऐकून आलेल्या शेजारणीने लगेच आपला साधा बटणांचा फोन पुढे केला. "नंबर सांगा."

मावशीने तोंड उघडलं. गावातल्या बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचा नंबर आठवला. मेलेल्या डॉक्टरांचा आठवला. संपादिकाबाईंचा काही केल्या आठवेना. पोरं तिच्याकडे बघत होती आणि तिला त्या नजरेची विलक्षण लाज वाटली.

"चला, प्रत्यक्ष जाऊन सांगू," ती ताडकन उठली. "डबा घ्या. पुरावा लागेल."

"ऑफिस कुठे आहे?"

"मी तीनदा गेलेय. डावीकडे वळा, मग उजवीकडे वळा..." मावशी अडखळली. पुढचं नेहमी फोन सांगायचा.

चार्जर तोवर कपाटापाशी गेला होता. त्याने त्याच प्रकाशनाचं एक पुस्तक काढून उघडलं. "मावशी, पहिल्या पानामागे पत्ता असतो. नंबर नाहीये, पण पत्ता आहे."

बसचं तिकीट, पैसे, सगळं फोनमध्ये होतं, म्हणून वरात पायी निघाली. पुढे भाची, मध्ये डबा कवटाळलेला चार्जर, मागे मावशी. भाचीने शिंप्याला विचारलं, किल्लीवाल्याला विचारलं, खिडकीत केस वाळवणाऱ्या आजीला विचारलं. आजीने तर खाली येऊन कोपऱ्यापर्यंत सोबत केली. मावशीला मात्र अनोळखी माणसाला काही विचारायचं म्हणजे कानकोंडं व्हायला होत होतं. डबा मध्येच वाजू लागला, की रस्त्यावरचे लोक चार्जरपासून दोन हात लांब सरकत आणि मावशीचा हात आपोआप रिकाम्या खिशाकडे जाई.

घामाघूम होऊन तिघं पाचच्या आत संपादिकाबाईंच्या टेबलापाशी पोचली आणि मावशीने डबा समोर ठेवला. "मॅडम, कादंबरी आणलीय. उद्या उघडेल."

संपादिकाबाई डब्याकडे बघतच राहिल्या. "अहो, पण मी दुपारीच मेसेज केला होता. पाठदुखीवाल्यांचीच पाठ धरलीय, ते थांबलेत. तुम्हाला आठवडाभर सवड आहे. मेसेज वाचला नाहीत?"

डब्याने त्याच वेळी 'टिंग' केलं. भाचीने हसू दाबण्यासाठी ओढणी तोंडात कोंबली.

"बरं, आलाच आहात तर सांगा," बाई म्हणाल्या. "पोरांनी फोनशिवाय काय केलं?"

"पत्ता शोधला. माणसांना विचारलं. मला इथवर आणलं."

"आणि तुम्ही?"

मावशीला खोटं बोलता आलं असतं. तिने टेबलावरचा डबा नीट सरळ केला. मग म्हणाली, "मी हरवले होते."

"मग शंभर वर्षं मागे चुकीची माणसं पाठवलीत तुम्ही," संपादिकाबाई हळूच म्हणाल्या.

मावशीने पदर खोचला. "कागद द्या. आत्ता लिहिते."

कागद आला, पेन आलं. मावशीने पेन टेकवलं आणि तिचा हात तिथेच थबकला. बोलल्याशिवाय तिला वाक्यच सुचेना. भाचीने पेन काढून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढली. "सांग तू. मी लिहिते. पण हळू हं, माझीही सवय गेलीय."

मावशीने डोळे मिटले. "पोरांच्या आधी एक मावशीच भूतकाळात जाऊन पडली आणि तिला स्वतःच्या घरचा रस्ताही सापडेना."

भाचीने जीभ दाताखाली धरून एकेक अक्षर उतरवलं आणि मान वर केली. "पूर्णविराम?"

"नाही," मावशी म्हणाली. "स्वल्पविराम."